बंद बंगल्याची टाकी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

आंबिवली-टिटवाळ्याकडे मुंबईकरांनी एकेकाळी हौसेनं बांधलेली सुट्टीची घरं आता विक्रीला निघतात. गिऱ्हाईक सातबारा बघतं, छताची गळती बघतं, दारांना वाळवी लागली आहे का तेही बघतं. परसातल्या सेप्टिक टँकचं झाकण मात्र कुणी उचलत नाही.

“इतक्या वर्षांत टाकी कधी भरलीच नाही,” असं घरमालक अभिमानानं सांगतो. खरं तर धड टाकी नेहमी भरलेलीच असते. गाळ तळाशी बसतो, साय वर येते आणि मधलं पाणी बाहेर जाणाऱ्या नळीतून शोषखड्ड्यात उतरतं. म्हणून पाण्याची पातळी त्या नळीच्या तोंडाशी असायला हवी. घरात भरपूर पाणी सोडूनही ती बरीच खाली जात असेल, तर टाकी तडकलेली असते, नाहीतर तिला तळच बांधलेला नसतो. मैला थेट जमिनीत मुरतो आणि जवळच्या विहिरीत उतरू शकतो. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान 18 मीटर दूर हवा, असं भारतीय मानक सांगतं. जुन्या आवारात हे अंतर टेप लावूनच मोजावं.

घर वर्षातून दोनदाच उघडतं, मग उपसा कशाला? बंद घरातला गाळही आपोआप नाहीसा होत नाही. तो घट्ट होऊन बसतो आणि मग टँकरच्या पाइपाला ओढता येत नाही. टाकीत टाकायच्या बाजारातल्या पावडरीनं गाळातली वाळू-माती विरघळत नाही. नेहमीच्या वापराच्या घरात दोन-तीन वर्षांनी उपसा करावा असा संकेत आहे. वाई आणि सिन्नरमध्ये तर नगरपालिकांनी ठरलेल्या पाळीनं प्रत्येक टाकी उपसायची पद्धत 2018पासून सुरू केली.

सौदे बहुधा उन्हाळ्यात होतात. मे महिन्यात कोरडी जमीन पाणी पिऊन घेते, त्यामुळे शोषखड्डा ठणठणीत वाटतो. ऑगस्टमध्ये भूजल वर चढतं, खाली कातळ असेल तर पाण्याला वाटच उरत नाही आणि तेच पाणी संडासाच्या भांड्यात उलटं येतं. शक्य असेल तर पावसाळ्यात पुन्हा एकदा बघावं. टाकी प्लास्टिकची असेल, तर भर पावसात ती पूर्ण रिकामी करू नये, कारण हलकी टाकी भूजलावर उचलली जाते.

सगळ्यात घातक गैरसमज म्हणजे “एखाद्याला खाली उतरवून बघू.” टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो वायू वाढला की नाक बधिर होतं, आणि वास थांबला म्हणून माणूस निर्धास्त होतो. मे 2019मध्ये ठाण्यात ढोकाळीच्या एका गृहसंकुलात सांडपाण्याच्या टाकीत उतरलेले तीन कामगार दगावले. संरक्षक साधनांशिवाय माणसाला अशा कामाला उतरवणं 2013च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो खाजगी घरमालकालाही लागू होतो. तपासणी वरूनच होते : काठीला फडकं गुंडाळून गाळाची जाडी मोजायची, नळीचं तोंड पाहायचं आणि उपसा टँकरवाल्याकडून करून घ्यायचा.

“खरेदीखत झालं की आपला संबंध संपला,” हेही खरं नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882च्या कलम 55नुसार, वेगळा करार नसेल तर, विकणाऱ्याला माहीत असलेला पण घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीनं न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगावा लागतो. जमिनीखालची तडकलेली टाकी त्यात सहज बसू शकते. म्हणून टाकी कुठे आहे याचा नकाशा आणि उपशाची पावती साठेखताच्या वेळीच घेणाऱ्याच्या हाती द्यावी.