मोबाइलवर दिसलं, म्हणजे ठरलं का?

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरची नृसिंहवाडी पाण्याशी जुळवून घेत जगते. नदीचं पाणी दत्ताच्या देवळात शिरून दक्षिण दारातून बाहेर पडलं, म्हणजे दक्षिणद्वार सोहळा झाला, की भाविक स्नानासाठी गर्दी करतात. पण २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत हेच पाणी घराघरांत शिरलं आणि ट्रंकांमधले पिढ्यांचे कागद भिजले. जमिनीचा उतारा, पणजोबांचं नाव, घराण्यातला आजार, यंदा पाणी कुठवर चढेल, अशा प्रश्नांची उत्तरं लोक आता मोबाइलवर शोधतात. हा शोध खरोखर उपयोगाचा आहे. मात्र त्यासोबत काही गैरसमजही पसरले आहेत आणि त्यांची झळ घरातल्या माणसांनाच बसते.

गैरसमज : पुरात कागद गेले, आता हक्क सिद्ध होणार नाही.

वस्तुस्थिती : कागद नष्ट झाल्याने हक्क नष्ट होत नाही. नोंदणी केलेल्या खरेदीखताची किंवा वाटणीपत्राची प्रत दुय्यम निबंधक कार्यालयात असते. फेरफार महसूल दप्तरात, मोजणीचे नकाशे भूमी अभिलेख कार्यालयात आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी ग्रामपंचायतीत सापडतात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरील ‘ई-सर्च’मध्ये अलीकडच्या दस्ताचा क्रमांक आणि वर्ष शोधता येतं. हे दोन तपशील हाती आले, की साक्षांकित नकलेसाठी अर्ज करणं सोपं जातं. जुन्या दस्तासाठी मात्र कार्यालयातच शोध घ्यावा लागतो.

गैरसमज : सातबाऱ्यावर नाव दिसतं, म्हणजे मालकी पक्की.

वस्तुस्थिती : महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसणारा सातबारा केवळ माहितीसाठी असतो. सरकारी किंवा कायदेशीर कामासाठी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्यावा लागतो. पण तोही मालकीचा अंतिम पुरावा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, एवढंच. निव्वळ फेरफाराने मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितलं आहे. गावठाणातल्या घराचंही तसंच. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीपत्र नव्हे. म्हणून घर किंवा जमीन घेताना सातबाऱ्यावर दिलेला फेरफार क्रमांक धरून मागे जावं आणि प्रत्येक हस्तांतरामागचा दस्त पाहावा.

गैरसमज : वडील २००५ पूर्वी वारले असतील, तर लेकीला वडिलोपार्जित जमिनीत वाटा नाही.

वस्तुस्थिती : इंटरनेटवर हे वाक्य अजूनही सापडतं, कारण सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये फुलवती खटल्यात तसा अर्थ लावला होता. पण ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीचा हक्क जन्मानेच असतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, म्हणजे ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी कायदेशीर वाटप झालं असेल, तर मात्र ते मोडता येत नाही. शिवाय स्थावर मिळकतीचं हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. बहीण आजवर गप्प राहिली, म्हणून तिने हक्क सोडला असं होत नाही. कायद्यावरचं काहीही वाचताना आधी ते कधी लिहिलं आहे ते बघावं. जुनं पान आपोआप पुसलं जात नाही.

गैरसमज : आडनाव टाकलं, की वंशावळ निघते.

वस्तुस्थिती : पाटील, कुलकर्णी, देशपांडे ही मुळात वतनाची नावं. शेजारशेजारच्या दोन गावांतल्या पाटलांचं नातं असेलच असं नाही. त्यातच या भागातलं जुनं दप्तर वेगवेगळ्या राजवटींचं आहे. पटवर्धनांची कुरुंदवाड संस्थानं मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली, तर कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी. म्हणून पूर्वज कोणत्या संस्थानच्या हद्दीत राहत होते, हे आधी ठरवावं लागतं. कोल्हापूर संस्थानचे कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहेत आणि त्यांतले पुष्कळ मोडी लिपीत आहेत. ते वाचायला मोडी जाणणारा माणूसच हवा. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा ही गरज साऱ्या महाराष्ट्राला कळली.

आपल्यापासून एकेक पिढी मागे जाणं हीच खात्रीची वाट. शाळेचं जनरल रजिस्टर, जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४ आणि वारसाचा फेरफार हे तीन कागद आधी मिळवावेत. वारसाच्या फेरफारात मृत खातेदाराची विधवा, मुलगे आणि बऱ्याचदा मुलींचीही नावं एकत्र मिळतात. घराण्याच्या हस्तलिखित वंशावळीत सहसा मुलींची नावं नसतात.

गैरसमज : गोत्र वेगळं, रक्तगटही वेगळा, म्हणजे लग्न निर्धोक.

वस्तुस्थिती : गोत्र फक्त वडिलांकडून येतं. मामाच्या मुलीचं गोत्र वेगळं असतं, तरी मामे-आते भावंडांची सरासरी एक-अष्टमांश जनुकं समान असतात. दक्षिण महाराष्ट्रात अशा लग्नांची रीत आहे, म्हणून हे मोकळेपणी बोललं पाहिजे. अशा जोडप्यांनी आधी जनुकीय सल्ला घ्यावा. नवरा-बायकोचा रक्तगट एकच असल्याने बाळाला अपाय होत नाही. आई आरएच निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील, तर डॉक्टर साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्यात अँटी-डी इंजेक्शन देतात. बाळ पॉझिटिव्ह निघालं, तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत पुन्हा देतात.

थॅलेसेमियाची तपासणी रक्तगटाहून महत्त्वाची. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक व्यक्ती धडधाकट दिसते, त्यामुळे एचबीए-टू ही रक्तचाचणी केल्याशिवाय ते कळत नाही.

गैरसमज : राजाराम बंधाऱ्याची पातळी उतरली, म्हणजे नृसिंहवाडीचा धोका टळला.

वस्तुस्थिती : मोबाइलवर फिरणारी ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका ही पातळी राजाराम बंधाऱ्यावरची, म्हणजे कोल्हापूरजवळच्या पंचगंगेची आहे. वाडी संगमावर असल्याने तिथे कोयना-वारणेचं पाणी घेऊन आलेली कृष्णाही मोजावी लागते. कृष्णा फुगलेली असेल, तर पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही. म्हणून वाडीकरांनी दोन्ही नद्यांची पातळी, कोयना-वारणेचा विसर्ग आणि प्रशासनाची सूचना एकत्र पाहावी. जागा घेतानाही जलसंपदा विभागाची निळी आणि लाल पूररेषा तपासावी. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची समजली जाते, पण त्याचा अर्थ पुढची शंभर वर्षं निर्धास्त असा नव्हे.

मोबाइलमुळे नोंद कुठे आहे, कोणती तपासणी विचारायची, कोणता निकाल ताजा आहे, हे घरबसल्या कळतं. कार्यालय, डॉक्टर आणि वकील यांच्याकडे जाणं मात्र टळत नाही. त्याआधी एक काम याच आठवड्यात करावं. घरातल्या आजी, आत्या, थोरले काका यांच्याजवळ बसून तीन पिढ्यांची नावं, गावं, कोणाला कोणत्या वयात मधुमेह, हृदयविकार किंवा कर्करोग झाला, कोणाची मुलं लहानपणी गेली, हे तारखेसह लिहून ठेवावं. डॉक्टरांना आणि वंशावळ शोधणाऱ्याला हीच माहिती सर्वांत आधी लागते, आणि ती कोणत्याही संकेतस्थळावर मिळत नाही.