मुलांसाठी देणगी : गाठोड्यापेक्षा करार बरा

नाशिक-मालेगावच्या व्यापाऱ्याचा हात देण्याच्या बाबतीत आखडता आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. रमजानचा चंद्र दिसला की भद्रकाली, दूध बाजार, मेन रोडच्या दुकानांपुढे पावतीपुस्तके घेऊन येणाऱ्यांची रीघ लागते आणि बहुधा कोणी रिकाम्या हाताने परत जात नाही. यतीम मुलांचे नाव निघाले की गल्ल्यातला हात आणखी खोल जातो. ही आपल्या समाजाची जमेची बाजू आहे.

परंतु एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. जो व्यापारी ताका उलगडून, पन्हा मोजून, उजेडात धरून कापड घेतो, तोच व्यापारी देणगी देताना पावतीवरचे नावही नीट वाचत नाही. 'नेकी कर दरिया में डाल' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिचा अर्थ इतकाच की केलेल्या उपकाराची जाहिरात करू नये. पैसा कुठे गेला ते विचारूच नये, असा अर्थ त्या म्हणीत नाही. देणगी ही मुलांची अमानत आहे आणि अमानतीचा हिशेब विचारणे हा संशय नसून जबाबदारी आहे. म्हणून मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांचा पैसा कसा उभा राहतो, त्यांच्याशी भागीदारी कशी करावी आणि कायदा काय सांगतो, हे व्यापाऱ्याच्या भाषेत येथे मांडत आहोत.

मूल एका हंगामात मोठे होत नाही

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे दहा हजार माणसे गेली. महाराष्ट्रातून कपडे, भांडी, धान्याचे ट्रक धावले. आपल्या व्यापारी पेठांनीही हात राखला नाही. पण महिन्याभराने ट्रक थांबतात आणि मुलांची शाळा मात्र थांबून चालत नाही. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी त्या वेळी वेगळा विचार केला. भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना त्यांनी शिक्षणासाठी पुण्याला आणले. पुढे पुण्याजवळ वाघोली येथे त्या कामासाठी कायमचे संकुल उभे राहिले आणि नंतर मेळघाटातील आदिवासी मुले, आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुले यांनाही तेथे आसरा मिळाला.

आपल्यासाठी यातला धडा साधा आहे. पाचवीतल्या मुलाला दहावीपर्यंत न्यायचे तर सहा शालेय वर्षे लागतात. एका वर्षी दहा हजार आणि दुसऱ्या वर्षी काहीच नाही, अशा देणगीवर कोणतीही संस्था मूल दत्तक घेऊ शकत नाही, शिक्षक नेमू शकत नाही. ज्याची मागणी ठरलेली असते त्या गिऱ्हाइकावर कारखाना चालतो. उठवळ गिऱ्हाइकावर चालत नाही. संस्थेचेही तसेच आहे. लहान पण दरमहा येणारी रक्कम तिला मोठ्या पण अवचित रकमेपेक्षा जास्त उपयोगी पडते.

संस्थांचा पैसा येतो कुठून ?

मुलांसाठीची जगातील सर्वांत मोठी संस्था म्हणजे संयुक्त राष्ट्रांची युनिसेफ. महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या युरोपातील मुलांसाठी ११ डिसेंबर १९४६ रोजी ती स्थापन झाली. भारतात तिचे काम १९४९ पासून आहे. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये पेनिसिलिनचा जो सरकारी कारखाना उभा राहिला, त्यालाही तिची मदत होती. अनेकांचा समज असा की युनिसेफला संयुक्त राष्ट्रांच्या तिजोरीतून पैसा मिळतो. तसे नाही. सरकारे, कंपन्या आणि सामान्य माणसे स्वेच्छेने देतात त्यावरच ती चालते. तिच्या पहिल्या शुभेच्छापत्राची हकिकत व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. चेकोस्लोव्हाकियातील सात वर्षांच्या एका मुलीने आभार म्हणून काढून पाठवलेले चित्र १९४९ मध्ये पत्रावर छापले गेले आणि त्यातून निधी उभारण्याचा एक धंदाच सुरू झाला.

आपल्या मुंबईत हाच मार्ग 'क्राय'ने चोखाळला. विमानात पर्सरची नोकरी करणारे रिपन कपूर यांनी १९७९ मध्ये सहा मित्रांसह, अवघ्या ५० रुपयांच्या भांडवलावर ही संस्था काढली. शुभेच्छापत्रांच्या विक्रीने तिचे नाव घरोघरी गेले. कपूर १९९४ मध्ये अकाली वारले, पण संस्था उभी राहिली, कारण ती एका शेठजीच्या कृपेवर नव्हे, हजारो लहान देणगीदारांवर बांधलेली होती. १९९६ मध्ये आनंद महिंद्र यांनी सुरू केलेल्या 'नन्ही कली' योजनेत देणगीदार एका मुलीच्या शिक्षणाचा वर्षाचा भार उचलतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून १९९५ मध्ये निघालेल्या 'प्रथम' या संस्थेच्या संस्थापकांत माधव चव्हाण यांच्याबरोबर फरीदा लांबे यांचे नाव आहे. सरकार, उद्योग आणि नागरिक अशी तिहेरी भागीदारी हा तिचा पाया होता.

चौथा मार्ग कंपन्यांचा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक असेल, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. आपल्यापैकी फार थोडे त्या पायरीवर असतील. परंतु सातपूर-अंबडच्या मोठ्या कारखान्यांना गणवेश, पुसणी-कापड, पॅकिंगचा माल पुरवणारे आपल्यात पुष्कळ आहेत. चांगल्या संस्थेची त्या कारखान्याशी गाठ घालून देणे, हीदेखील देणगीच आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. मात्र अशा रकमेसाठी संस्थेने सीएसआर-१ हा नमुना भरून नोंद केलेली असावी लागते.

माल तपासता तशी संस्था तपासा

पुढील गोष्टी विचारण्यात संकोच नको. सच्ची संस्था कागद दाखवताना रागावत नाही.

१. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी क्रमांक. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांची नोंद १९५० च्या कायद्याखाली होते आणि न्यासाला दरवर्षी हिशेब सादर करावा लागतो. नाशिकलाही हे कार्यालय आहे.

२. मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद. जमा किती, मुलांवर खर्च किती, कार्यालय व निधी गोळा करण्यावर किती, हे पाहा. व्यवस्थापन खर्च शून्य आहे असे कोणी सांगितले तर हुरळून जाऊ नका. बिनपगारी मुनीम ठेवून पेढी चालत नाही. प्रमाण वाजवी आहे की नाही, एवढेच पाहायचे.

३. संस्था मुलांना निवासी ठेवत असेल तर बाल न्याय कायदा २०१५ खालील नोंदणी. मदरसा असो, आश्रम असो वा वसतिगृह, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची संस्था म्हणून चालवायची तर ही नोंद हवी. जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे चौकशी करता येते.

४. प्रत्यक्ष भेट. आधी कळवून एकदा जा आणि स्वयंपाकघर, हजेरीपट, संडास पाहा. भिंतीवरच्या फलकापेक्षा या तीन जागा अधिक खरे बोलतात.

हे केले नाही तर काय होते, ते आपल्याच भाषेत सांगून ठेवले आहे : आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते.

कापड द्यावे की पैसे ?

हा खास आपल्या पेशाचा प्रश्न. दुकानात पडून राहिलेले ताके, कटपीस, जुन्या फॅशनचा माल गाठोडे बांधून अनाथाश्रमात पाठवण्याची चाल आहे. हेतू चांगला, पण दोन गोष्टी समजून घ्याव्यात.

पहिली कराची. प्राप्तिकराच्या कलम ८०जी ची सवलत फक्त पैशाच्या देणगीला आहे, वस्तूला नाही. शिवाय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे जो माल भेट म्हणून दिला, त्यावर घेतलेले इनपुट क्रेडिट परत करावे लागते. म्हणजे फुकट दिलेल्या ताक्याचा भुर्दंड दोन्हीकडून.

दुसरी मुलांची. शंभर मुलांना शंभर तऱ्हेचे कपडे मिळाले की शाळेत कोण 'दानाचा' आहे ते लांबून ओळखू येते. त्यापेक्षा संस्थेला विचारा, गणवेशाचे कापड कोणते, किती मीटर, कधी हवे. ते खरेदीच्या भावाने, रीतसर बिल करून द्या आणि देणगी वेगळ्या धनादेशाने द्या. संस्थेची खरेदी स्वस्त होते, आपली वही स्वच्छ राहते आणि मूल चारचौघांसारखे दिसते.

८०जी बद्दल आणखी चार शब्द. सामान्यतः देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या ठराविक मर्यादेत. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीला सवलत नाही. म्हणून धनादेश किंवा बँकेमार्फत द्यावे. संस्थेची पावती पुरेशी नाही. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून संस्थेने प्राप्तिकर खात्याकडे देणगीची माहिती भरून प्रमाणपत्र द्यावे लागते. १९६१ च्या कायद्याखाली हा नमुना १०बीई होय. ज्यांनी स्वतःच्या विवरणपत्रात नवी कररचना घेतली आहे त्यांना ही वजावट नाही. भागीदारी पेढीला मात्र ती नवी रचना लागू नाही, म्हणून पेढीच्या नावे दिलेल्या देणगीला सवलत मिळू शकते. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्याची अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. तेव्हा क्रमांकाची खात्री आपल्या कर सल्लागाराकडून करून घ्यावी.

जकात आणि आखातातील पैसा

जकात देताना तिचे हकदार कोण हे ठरलेले आहे. इमारत, पगार, प्रचार यांवर ती खर्च करता येते काय, याबद्दल आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. व्यापाऱ्याने करायची गोष्ट एकच : रक्कम जकातीची असेल तर पत्रात तसे लिहावे आणि संस्थेने तिचे खाते वेगळे ठेवावे, असे मागावे. हे अशक्य नाही. २०१९ मध्ये युनिसेफ आणि इस्लामी विकास बँक यांनी मुलांसाठी मुस्लिम दानाचा जागतिक निधी काढला, त्यातही जकात व सदका स्वीकारण्याची सोय ठेवलेली आहे. सदक्याची व साधी देणगी मात्र शक्यतो मोकळी द्यावी, म्हणजे संस्थेला जिथे तूट आहे तिथे वापरता येईल.

आखातात नोकरी करणाऱ्या मुला-भावांकडून पैसा घेताना सावध राहावे. त्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि रक्कम त्यांच्या कमाईतून बँकेमार्फत आली असेल, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. पण ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, त्याचा पैसा २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली येतो. संस्थेकडे त्याची परवानगी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरलेले खाते नसेल तर असा पैसा घेऊ नये. एका चुकीच्या रकमेने चांगली संस्था बंद पडते आणि मुले उघड्यावर येतात.

चाळीस दुकानांचा करार

एकट्याने मोठे दान देण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. पण थेंबे थेंबे तळे साचे. समजा, एका पेठेतील ४० दुकानांनी दरमहा ५०० रुपये ठरवले, तर महिन्याला २०,००० आणि वर्षाला २,४०,००० रुपये होतात. हा पैसा प्रत्येकाच्या खात्यातून थेट संस्थेच्या खात्यात जावा. मध्ये कोणाची पेटी, कोणाचे पाकीट नको. म्हणजे वादही नको. नोंदणी नसलेल्या गटाने लोकांकडून वर्गणी गोळा करायची म्हटले तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, ती कटकटही यात टळते.

संस्थेशी एक पानाचा करार लिहून घ्यावा. त्यात पाच कलमे पुरेत : किती वर्षे देणार, रक्कम कोणत्या कामासाठी, संस्था दर सहा महिन्यांनी काय कळवणार, पेठेतील कोण दोघे वर्षातून एकदा पाहणी करणार आणि कोणाला बाहेर पडायचे झाल्यास किती महिने आधी सांगणार. शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे. धंद्यात मंदी येते, यंत्रमाग बंद पडतात, हे संस्थेलाही कळते. न सांगता थांबलेला पैसा मात्र एखाद्या मुलाची फी भरण्याच्या दिवशीच अडतो.

'या मालाच्या प्रत्येक नगामागे दोन रुपये मुलांसाठी' अशी पाटी लावायची असेल तर आधी संस्थेची लेखी संमती घ्या, विक्रीची वेगळी नोंद ठेवा आणि मुदत संपताच रक्कम भरा. गिऱ्हाइकाने मुलांच्या नावावर दिलेले दोन रुपये आपले नसतात.

आणि एक विनंती. गणवेश वाटपाचे फोटो काढण्यासाठी मुलांना स्टेजवर रांगेत उभे करू नका. संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असे नाव किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे आणि त्याला शिक्षाही आहे. कायदा नसता तरी, ज्या हाताने डावा हात उजव्याला कळू न देता द्यावे असे शिकवले, त्या हाताने मुलाचा चेहरा भिंतीवर लावणे शोभत नाही.

व्यापारी बंधूंनो, उधारीच्या धंद्यात आपली पत शब्दावर चालते. दिलेल्या तारखेला रक्कम पोचली की बाजार आपल्याला ओळखतो. तोच शब्द एका मुलाला द्या आणि त्याची दहावी होईपर्यंत पाळा. येत्या रमजानची वाट पाहू नका. शाळा जूनमध्ये सुरू होतात आणि फीची तारीख चंद्र पाहून ठरत नाही.