आडनांव, वंश आणि ‘दत्तक वल्द’

आपलें कुल कोठून आलें, हें जाणण्याची इच्छा मनुष्यमात्रास स्वाभाविक आहे. पूर्वीं ही इच्छा वडीलधाऱ्यांच्या आठवणी, उपाध्यायांची वही आणि फार झालें तर एखादा छापील कुलवृत्तान्त ह्यांवर भागत असे. आतां तिच्या दिमतीस संगणक आला आहे व प्रयोगशाळाही आली आहे. गतवर्षीं आमच्या घरांत ह्या दोहोंचा प्रयोग झाला. त्यांतून जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें.

आमचें आडनांव देशपांडे. हें मूळचें एका हुद्द्याचें नांव होय. परगण्याचा हिशेब व दप्तर देशपांड्यानें राखावें, वसुलीची व बंदोबस्ताची जबाबदारी देशमुखानें घ्यावी, अशी जुनी रीत होती. परगणे अनेक, तेव्हां देशपांडेही अनेक. त्यांचें गोत्र निराळें, कित्येक ठिकाणीं जातही निराळी. केवळ आडनांव जुळलें म्हणून नातें जोडूं जाणें म्हणजे जिल्ह्यांतील सर्व मास्तरांस एका बापाचे पुत्र ठरविणें होय! गोत्राचेंही तसेंच. सूत्रकार सप्तर्षि व आठवे अगस्त्य ह्यांच्यापासून गोत्रें सांगतात. विवाहांतील निषेध पाळण्यास तेवढें पुरे. वंशवृक्ष काढण्यास पुरें नाहीं.

आमच्या वंशवृक्षांत दोन सख्ख्या भावांपासून दोन शाखा निघतात. थोरल्या भावाची शाखा अकोल्यास, धाकट्याची म्हणजे आमची अमरावतीस. जुनें दप्तर आमच्याकडे असल्यामुळें ‘खरे देशपांडे आम्हीच’ असा थोडासा ताठा आमच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता, हें कबूल केलें पाहिजे.

दिवाळीस आमचे पुतणे अमेरिकेहून आले, ते डीएनए-परीक्षेचें साहित्य घेऊनच. वाय गुणसूत्र पित्याकडून पुत्रास जवळजवळ जसेंच्या तसें मिळतें. पिढ्या लोटतां लोटतां त्यांत क्वचित् एखादा बारीक फरक पडतो. तेव्हां दोन पुरुषांचीं हीं गुणसूत्रें ताडून पाहिलीं असतां त्यांचा पितृवंश एक आहे कीं नाहीं, हें कळतें. सन २००० मध्यें ब्रायन साइक्स ह्या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकानें साइक्स आडनांवाचे ४८ पुरुष अशा रीतीनें तपासले, तेव्हां त्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांचें गुणसूत्र एकच निघालें. हें ऐकून आम्हांसही उत्साह आला. आम्हीं व अकोल्याच्या वडीलबंधूंनीं गालाच्या आंतल्या बाजूस कापसाची काडी फिरवून ती दिली.

कांहीं आठवड्यांनीं उत्तर आलें: दोन्ही शाखांचा पितृवंश एक नाहीं.

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. आडनांव गेल्याचें दुःख नव्हतें. पण असा निकाल कानीं पडतांच लोकांची जीभ कोणीकडे वळते, हें सांगावयास नको. जिनें जन्मभर चूल फुंकून हें घर उभें ठेविलें, अशा कोणा माउलीच्या नांवाला तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनीं डाग लागणार! उत्तर देण्यास ती येथें नाहीं. अकोल्याचे बंधूही दोन दिवस दूरध्वनीवर आले नाहींत.

तेव्हां आम्ही कागदांकडे वळलों. सन १८५३ मध्यें वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखालीं गेलें. पुढें शेतांची मोजणी होऊन खातेदारांचीं नांवें लिहिलीं गेलीं. हे जुने अभिलेख शासनानें संगणकावर चढविले आहेत व त्यांत अकोला आणि अमरावती हे जिल्हे आहेत. जन्ममृत्यूंसाठीं कोतवाल-बुकें आहेत. सन २०२३ मध्यें न्या. संदीप शिंदे समितीनें कुणबी नोंदींचा शोध आरंभिल्यापासून तर मोडी वाचणारांस पुन्हां किंमत आली आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही यजमानांच्या पिढ्या सांपडतात.

आमच्या आजोबांनीं हौसेनें शिकविलेली मोडी येथें उपयोगी पडली. बरेच दिवस पानें चाळल्यावर एका खात्यावर आमच्या पणजोबांचें नांव दिसलें. वऱ्हाडांत बापाचें नांव ‘वल्द’ लिहून देतात. येथें त्या शब्दापूर्वीं आणखी एक शब्द होता: ‘दत्तक वल्द’. धाकट्या भावास संतति नव्हती. त्यांनीं परक्या घरचा मुलगा मांडीवर घेतला होता. आमच्या वडिलांनीं केलेल्या वंशावळींत मात्र नुसतें ‘पुत्र’ एवढेंच होतें. माउली निष्कलंक होती. ताठा मात्र आमचाच उतरला.

ती प्रत घेऊन आम्ही अकोल्यास गेलों. बंधूंनीं ती दोनदां वाचली व म्हणाले, “अरे, दीडशें वर्षें तुमच्या घरानें ह्याच पितरांना पाणी दिलें. आतां तूं परका कसा होशील?” धर्मशास्त्रही हेंच सांगतें, आणि १९५६ चा दत्तकाचा कायदाही दत्तकास त्या घरचेंच अपत्य मानतो.

शिवाय गणित पहा. दहा पिढ्या मागें गेल्यास दहाव्या पिढींत १०२४ पूर्वजांचीं स्थानें होतात. वाय गुणसूत्र त्यांतील एकाचीच साक्ष देतें. पेशींतील तंतुकणिकांचा डीएनए आईकडून येतो. तोही एकाच आजीची साक्ष देतो. परंतु ह्या मातृवंशाचे कागद आमच्याकडे कोठें आहेत? लग्नांत मुलीचें नांवही बदललें, माहेर वंशावळींत लिहिलें नाहीं. श्राद्धांत आपण माता, पितामही, प्रपितामही व मातामह ह्यांचा उच्चार करतों. वंशवृक्ष काढतांना मात्र त्यांना विसरतों.

ज्यांना ही परीक्षा करावयाची असेल, त्यांनीं आधीं कागद पाहावे व घरांतील वडीलधाऱ्यांची संमति घ्यावी. कारण एकाच्या परीक्षेंत साऱ्या भाऊबंदांची माहिती उघडी पडते. ‘ट्वेंटीथ्रीअँडमी’ ह्या अमेरिकन कंपनीकडील सुमारें ६९ लक्ष लोकांची माहिती २०२३ मध्यें चोरांच्या हातीं गेली, व मार्च २०२५ मध्यें त्या कंपनीनें दिवाळखोरीचा अर्ज केला, हेंही ध्यानांत ठेवावें.

आम्ही आतां वंशावळ नव्यानें लिहावयास घेतली आहे. पणजोबांच्या नांवापुढें ‘दत्तक’ हा शब्द स्वच्छ अक्षरांत लिहिला आहे. प्रत्येक सुनेपुढें तिचें माहेरचें नांव, आडनांव व गांव लिहीत आहों. पुष्कळ जागा रिकाम्या आहेत. त्या भरून देऊं शकतील अशा दोन वृद्ध आत्या अजून आहेत. पुढच्या आठवड्यांत त्यांच्याकडे वही घेऊन जावयाचें आहे.