उडी घेण्यापूर्वीं

अमेरिकेंत राहणाऱ्या आमच्या कन्येनें गतमासीं विचारिलें कीं, चौदा वर्षांच्या नातीस शाळेच्या ‘चिअरलीडिंग’ पथकांत जाऊं द्यावें काय? आमचें पहिलें उत्तर नकाराचें होतें. परंतु ज्या विषयाचें आपणांस ज्ञान नाहीं, त्याविषयीं निकाल देणें शिक्षकाच्या पेशास शोभत नाहीं. म्हणून आम्हीं आधीं माहिती मिळविली. तीच वाचकांस सादर करितों.

सामन्याच्या वेळीं प्रेक्षकांकडून एका सुरांत घोष करवून आपल्या संघास उत्तेजन देणें, हें या पथकाचें मूळ काम. १८९८ सालीं मिनेसोटा विद्यापीठांत जॉनी कँपबेल नामक विद्यार्थ्यानें याचा पायंडा पाडिला. आरंभीं हें काम पुरुषांचेंच होतें. मुली त्यांत १९२० नंतरच्या दशकांत येऊं लागल्या. पुढें त्यांत कसरतीची भर पडत गेली, आणि २०२१ सालीं आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें या क्रीडेच्या जागतिक संघटनेस पूर्ण मान्यता दिली. ‘हा नुसता नटण्यामुरडण्याचा प्रकार’ हा आमचा समज येथेंच ढासळला.

यांतील प्रत्येक उडीचे चार भाग असतात: सिद्धता, उड्डाण, हवेंतील आकृति आणि उतरणें. प्रथम हात तिरपे उंचावून ते खालीं फिरवीत गुडघे वांकवावयाचे. मग हात झटक्यानें वर नेतांच चवड्यांनीं जमीन रेटावयाची. उतरतांना पावलें जवळ व गुडघे किंचित् वांकलेले असावेत; ताठ पायांवर उतरल्यास सारा आघात सांध्यांवर बसतो.

क्रमही ठरलेला आहे. आधीं सरळ उडी. मग गुडघे छातीशीं घेण्याची ‘टक’. मग हातपाय फांकण्याची ‘स्प्रेड ईगल’. त्यानंतर ‘हर्की’: एक पाय बाजूस सरळ, दुसरा गुडघ्यांत दुमडलेला. लॉरेन्स हर्किमर यांच्या नांवावरून हिचें नांव पडलें. ‘टो टच’ या उडीचें नांव पायाचीं बोटें शिवण्याचें. पण शिवण्याकरितां खालीं वांकणें हीच नवशिक्यांची चूक. छाती ताठ ठेवून पायच हातांकडे उचलावयाचे असतात. हें बळ पोटाचें व मांड्यांचें. तें येण्यासाठीं जमिनीवर पाय फांकून बसावें, हात पुढें टेकावे आणि ताठ पाय पुनःपुन्हा उचलावे. अंग तापल्यावांचून स्नायूंस ताण देऊं नये; दमल्यावर एकही उडी मारूं नये. व्यायाम अर्ध्या शक्तीनेंच करावा, या आयुर्वेदाच्या दंडकाचा अर्थ आम्हांस येथें नव्यानें कळला.

कन्येस आम्हीं कळविलें, ‘जाऊं द्यावें, परंतु आधीं तीन गोष्टी विचाराव्या. पथकास शिकविणारे उतरणें आधीं शिकवितात काय? खालीं गादी असते काय? दुखतें म्हणणाऱ्या मुलीस विसांवा देतात काय?’ पथकांत जाणाऱ्या मुलीच्या वडील मंडळींनीं नकार अगर होकार देण्यापूर्वीं एवढें अवश्य विचारावें.

परवां नातीनें दूरध्वनीच्या पडद्यावर आपली पहिली ‘टक’ दाखविली. उंची बेताचीच होती. परंतु उतरतांना पावलें जवळ व गुडघे वांकलेले दिसले, आणि आम्हीं मनापासून तिला शाबासकी दिली.