एका कार्टनचा हिशेब

औषधांच्या मोठ्या कंपनीत काम म्हटले की पांढरा कोट आणि हातात परीक्षानळी असे चित्र डोळ्यांपुढे येते. माझ्याही आले होते. प्रत्यक्षात गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील अशाच एका कंपनीत मी ठेकेदारामार्फत दोन महिने काढले ते पॅकिंग विभागात, कार्टन मोजण्यात! आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. फीचे पैसे असेच उभे करावे लागतात.

आत जाणे हाच एक सोहळा. घड्याळ, अंगठी, मोबाईल बाहेर. बायकांनी बांगड्या, टिकली काढायची. झगा, टोपी, मास्क चढवला की आरशात स्वतःचीच ओळख पटत नाही. यंत्रावर प्लॅस्टिकच्या पट्टीला उष्णतेने खळगे पडतात, त्यांत गोळ्या बसतात, वरून ॲल्युमिनियमची फॉइल चिकटते. माणसाने पाहायचे आणि लिहायचे. लिहिण्याचे नियम मात्र आपल्या परीक्षेपेक्षा कडक! पेन्सिल नाही, खोडरबर नाही. चूक झाली तर एकच रेघ ओढायची, खालचे वाचता आले पाहिजे, शेजारी सही आणि तारीख.

नवी बॅच लावण्यापूर्वी मागच्या बॅचची एक गोळीही लाइनवर उरली नाही, हे उत्पादन आणि गुणवत्ता या दोन्ही विभागांची माणसे तपासतात. छापील कार्टन किती आणले, किती वापरले, किती फाटले याचा मेळ बसावाच लागतो. प्रथम मला हा निव्वळ कारकुनी छळ वाटला. पण मधुमेहाच्या कार्टनात रक्तदाबाची गोळी गेली तर? रोग्याला छापील अक्षरावरच विश्वास ठेवावा लागतो. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले, ते ग्लिसरॉल म्हणून दिलेल्या औषधात डायएथिलिन ग्लायकॉल हे विष निघाल्यामुळे. लेंटिन आयोग नेमला गेला तो त्याच प्रकरणी.

मे महिन्यात एका संध्याकाळी आमच्या लाइनवर एक कार्टन कमी भरले. पाळी संपली, पण कोणाला सोडेनात. टेबलाखाली, यंत्रामागे, पोत्यांत शोध सुरू. सुपरवायझरचा रोख माझ्या शेजारच्या मावशींवर होता. नऊ वर्षे ठेक्यावरच असलेल्या बाईला 'उद्यापासून येऊ नका' म्हणायला कागदही लागत नाही. आणि मला तर दुपारचे आठवत होते : एक फाटके कार्टन मी मोजायच्या पेटीत न टाकता केराच्या डब्यात टाकले होते. तरीही अर्धा तास माझे तोंड उघडले नाही. फीची शेवटची तारीख डोळ्यांपुढे नाचत होती.

शेवटी सांगितले. केराची पिशवी उलटी केली, कार्टन सापडले. मला रजिस्टरवर चूक लिहून सही करावी लागली. ठेकेदाराने अर्ध्या दिवसाची मजुरी कापली. मावशी आभार मानतील असे कुठेतरी वाटत होते. झगा काढता काढता त्या एवढेच म्हणाल्या, "आधीच बोलला असतास तर माझी गाडी चुकली नसती रे."

त्या रात्री आम्ही दोघे पंढरपूर फाट्यापर्यंत चालत गेलो.