चष्म्यापासून सुटका आणि ग्राहकाची पारख

चष्मा घालविण्यासाठी धाराशिवचा तरुण सोलापूर वा पुणे गाठतो, तेव्हा त्याच्या हाती बहुधा केवळ दरपत्रक असते. वैद्यकीय सेवेची पारख रुग्णाला करता येत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मध्येच मांडले होते. लेसरने कोरलेला कॉर्निया, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडदा, पूर्ववत होत नाही. त्याची जाडी व आकार न मोजता, नंबर स्थिरावल्याची खात्री न करता जो तारीख देतो, त्याची सवलत महागच. (चाळिशीचा वाचनाचा चष्मा याने टळत नाही, हे किती जाहिराती सांगतात?) अपात्र डोळा नाकारून उत्पन्नावर पाणी सोडणारा शल्यविशारद अधिक विश्वासार्ह. नंतरच्या तपासण्या तो स्वतः करणार की साहाय्यक, आणि त्यांसाठी तुळजापूरमार्गे किती खेपा पडणार, हेही आधीच विचारलेले बरे.