मोटरचा पहिला हिसका

सोलर पॅनलवर आज लिहायचे कबूल केले होते, पण ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. देवासहून एका काकूंचे पत्र आले आहे आणि त्यांच्या प्रश्नाला अख्खा लेखांक द्यायला हवा. त्या लिहितात, "आमच्याकडे नळ पहाटे येतात आणि लाइट नेमकी तेव्हाच जाते. हौदातले पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायला तुम्ही लिहिलेली ती उचलून नेण्याजोगी बॅटरीची पेटी चालेल का? मुलगा म्हणतो, हजार वॅटची पेटी अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटरला पुरून उरेल."

पाण्याची ही धास्ती देवासच्या माणसाला शिकवावी लागत नाही. एप्रिल 1990 मध्ये या शहरासाठी इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्यांनी तो उन्हाळा काढला, त्यांच्या घरात लाइट गेली की पंख्याच्या आधी टाकी आठवते.

मुलाचा हिशेब कागदावर चोख आहे. हजार लिटर पाणी 10 मीटर उंच न्यायला निव्वळ काम लागते सुमारे 27 वॅट-तासांचे. आपल्या मोबाइलच्या बॅटरीत साधारण 19 वॅट-तास मावतात, म्हणजे दीड मोबाइलभर विजेत अख्खी टाकी दुसऱ्या मजल्यावर जायला हवी! घरगुती पंप बरीच वीज उष्णतेत आणि पाण्याच्या घुसळणीत घालवतो, तरी सगळे धरून शंभर-सव्वाशे वॅट-तासांत काम व्हावे. मागच्या लेखांकात पाहिलेल्या 1000 वॅट-तासांच्या पेटीला हे जड नाही. अडते ते सुरुवातीला.

मोटर फिरू लागली की ती स्वतःच विजेचा उलटा दाब निर्माण करून येणाऱ्या विजेला आवर घालते. थांबलेल्या मोटरमध्ये हा आवर नसतो. म्हणून बटण दाबल्याबरोबर, क्षणभरच, ती नेहमीच्या चौपट-पाचपट किंवा त्याहूनही जास्त प्रवाह ओढते. चालताना 3-4 अँपिअर घेणारी मोटर उठताना 15-20 अँपिअर मागते. रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला त्याचे काही वाटत नाही, घरातला दिवा तेवढा मिचकावतो. पेटीतले इलेक्ट्रॉनिक्स मात्र एवढ्याशा हिसक्यानेही जळू शकते, म्हणून ते आधीच दार लावून घेते.

काकूंच्या अंगणात जाऊन हे करून पाहिले. हौदाशेजारी छोटा टुल्लू पंप, त्याची पिन पेटीत खोचली. बटण दाबले. पडद्यावरचा आकडा शून्यावरून थेट दोन हजारांच्या वर उडाला, मोटरने एकदा अंग झटकले आणि "ओव्हरलोड" अशी लाल अक्षरे लागली. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. पेटी बिघडलेली नव्हती, तिने आपले काम चोख केले होते.

काही पेट्यांच्या जाहिरातीत क्षमतेपेक्षा दीडपट-दुप्पट वॅटचे उपकरण चालवण्याची खास सोय असल्याचे लिहिलेले असते. बहुतेक वेळा ती पेटी व्होल्टेज खाली आणून भार कमी करते. इस्त्रीला किंवा पाणी तापवायच्या रॉडला हे चालते, काम हळू होते एवढेच. मोटरला हे घातक. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. 220 चे 165 झाले, म्हणजे पाऊण उरले, की जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. मग मोटर नुसती घूं घूं करते, उचलत नाही आणि आतले वाइंडिंग तापत राहते. रब्बीत गव्हाला पाणी सुटले की माळव्यातल्या गावोगावी व्होल्टेज पडते आणि मोटरी जळतात, त्याचे कारण हेच. तेव्हा पेटी घेताना ती "शुद्ध साइन वेव्ह" देते का आणि तिची "सर्ज", म्हणजे क्षणभराचा हिसका सोसण्याची क्षमता, किती, या दोन गोष्टी दुकानदाराकडून लिहून घ्या. पेटीवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा मोटरच्या कामाचा नाही.

काकू, आता तुमचे उत्तर. मोटर पेटीवर चालवूच नका. नळाचे पाणी हौदात आपल्या दाबाने पडते, त्याला वीज लागत नाही. मोटर फक्त वर चढवण्यापुरती, ते काम लाइट आल्यावर करता येते. गरज आहे ती वरच्या साठ्याची. तुमच्याकडे पाचशेची टाकी आहे, शेजारी हजार लिटरची ठेवा. ती काही हजारांत येते. उलट मोटरचा हिसका सोसणारी 3000 वॅटची पेटी त्याच्या कितीतरी पट महाग पडते. मात्र भरलेली हजाराची टाकी एक टनाची होते, म्हणून ती स्लॅबच्या मधोमध न ठेवता खांब-बीमवर ठेवायची. आधी मिस्त्रीला दाखवा.

धार जिल्ह्यातल्या मांडूला जहाज महालाच्या गच्चीवर मी तासन्‌तास रेंगाळलेला आहे. दोन तलावांच्या मधल्या या इमारतीत पाणी रहाटाने वर चढवत आणि पुढे ते वळणावळणांच्या पन्हळीतून आपल्या ओघाने वरच्या हौदात जाई. पंधराव्या शतकातली ही योजना पाहिली की पटते, उंचावर साठवलेले पाणी हीच एक बॅटरी आहे. तिला आम्लही लागत नाही, लिथियमही नाही.

मग पेटी कशासाठी? जुन्या 75 वॅटच्या पंख्यांऐवजी 30 वॅटचे बीएलडीसी पंखे बसवा. असे दोन पंखे, तीन एलईडी दिवे आणि वायफायचा राउटर मिळून शंभर वॅटच्या आत येतात. हजारांतले साडेआठशे वॅट-तास हाती लागतात असे धरले, तरी आठ तास निघतात. फ्रिज जोडायचा मोह आवरा, त्याच्या कॉम्प्रेसरलाही हाच हिसका असतो.

हौद नसून घरच्या बोअरवेलमध्ये सबमर्सिबल सोडलेला असेल, तर गोष्ट वेगळी. एक हॉर्सपॉवरच्या सबमर्सिबलला उचलून नेण्याजोगी पेटी शोधत बसू नका. तिथे भिंतीशी पक्का बसवलेला मोठा इन्व्हर्टर किंवा जनरेटरच हवा. तोही इलेक्ट्रिशियनने क्लॅम्प मीटर लावून सुरुवातीचा प्रवाह मोजल्यावरच घ्यायचा. मोटर घूं घूं करत असेल, तर त्याच वेळी कपॅसिटरही तपासून घ्या. कमजोर कपॅसिटर बदलायला फार खर्च येत नाही.

पुढच्या आठवड्यात सोलर पॅनल. आपल्या गच्चीवर एप्रिलमध्ये सकाळी 10 ते दुपारी 4 सावली कुठे कुठे पडते, तेवढे बघून ठेवा.